कायम कामगार आणि कंत्राटी कामगार : भांडण कोणाचे?

आपल्या सोसायटीच्या सभासदांची घरे पाहिली तर बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी आढळते. वडील महानगरपालिका, रेल्वे, बंदर, बँक किंवा एखाद्या मोठ्या कारखान्यातून कायम कामगार म्हणून निवृत्त झालेले असतात अथवा निवृत्तीला आलेले असतात. मुलगा, सून किंवा पुतण्या मात्र तशाच ठिकाणी, कधी कधी अगदी त्याच फाटकातून, ठेकेदाराच्या नावाचे ओळखपत्र गळ्यात घालून आत जात असतो. काम जवळपास तेच, पाळी तीच, साहेबही तोच. पगार मात्र पुष्कळदा निम्म्याहूनही कमी आणि उद्याची खात्री नाही. घरात ही दोन माणसे एका पंगतीला बसतात. कामाच्या ठिकाणी मात्र हेच दोन वर्ग एकमेकांकडे संशयाने पाहतात, प्रसंगी हमरीतुमरीवर येतात. ही चढाओढ कोठून आली, ती कोणाच्या सोयीची आहे, कायदा तिच्याविषयी काय म्हणत आला आणि आपल्या समाजाचे त्यात काय पणाला लागले आहे, हे विद्यार्थी व तरुण सभासदांना समजावून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. 'कंत्राटी' म्हणून आपण दोन निरनिराळ्या माणसांना एकच नाव देतो. एक, ज्याला खुद्द कार्यालयानेच अकरा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कराराने नेमलेले असते. त्याच्या हातात त्या कार्यालयाचे पत्र असते. दुसरा, ज्याला ठेकेदाराने नेमलेले असते आणि काम मात्र कार्यालयाचे करायचे असते. या दुसऱ्याच्या बाबतीत कायद्याच्या भाषेत ठेकेदार हा त्याचा मालक आणि कार्यालय वा कारखाना हा 'मुख्य मालक'. म्हणजे ज्याचा कचरा उचलायचा, ज्याचे यंत्र पुसायचे, ज्याच्या दारावर रात्रभर उभे राहायचे, तो आपला मालकच नाही असे कागद सांगतो. पहिल्याचे प्रश्न वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. न्यायालयाचे निकाल वाचताना हा फरक लक्षात न घेतल्यामुळे आपल्या मुलांच्या मनात नसत्या आशा निर्माण होतात. या लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

दोघांचे म्हणणे

आम्ही लिहिणारे बहुतेकजण कायम नोकरीत आयुष्य काढलेले आहोत. त्यामुळे कायम कामगाराची बाजू आम्हांस आतून ठाऊक आहे. तो म्हणतो, 'आम्ही परीक्षा दिली, रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, जातीच्या दाखल्यासाठी खेटे घातले, तेव्हा ही जागा मिळाली. हा ठेकेदाराच्या ओळखीने आला आणि आता आमच्याएवढा पगार मागतो.' त्याची दुसरी तक्रार अधिक खोल आहे. कंत्राटी मनुष्य नकार देऊ शकत नाही. साहेबाने सुट्टीच्या दिवशी बोलावले की तो येतो, पाळी संपल्यावर थांब म्हटले की थांबतो, हातमोज्याशिवाय गटारात उतर म्हटले की उतरतो. मग साहेब कायम कामगाराला ऐकवतो, 'बघा, ती पोरं कशी काम करतात!' संघटनेने वीस-वीस वर्षे झगडून मिळवलेले नियम असे एकेक करून ढिले पडतात.

कंत्राटी कामगाराचे म्हणणे याहून साधे आहे. जड काम आमच्या वाट्याला, हलके काम त्यांच्या वाट्याला. गमबूट व रेनकोट त्यांना जूनमध्ये, आम्हांला आले तर ऑगस्टमध्ये. विश्रांतीच्या खोलीत त्यांची लोखंडी कपाटे, आमचा डबा खिडकीत. त्यांची दांडी पडली तर रजा भरतात, आमची दांडी पडली तर रोज बुडतो. दिवाळीला त्यांच्या बोनसची बातमी वर्तमानपत्रात येते आणि त्या दिवशी घरी बायको विचारते, 'तुमचे काय?' नाव घेऊन हाक मारण्याऐवजी 'ए कंत्राटी' अशी हाक मारणारे जुने लोक आम्ही स्वतः पाहिले आहेत. ज्यांना एके काळी जातीवरून हाक मारली जात असे, त्यांच्यापैकी काहींच्या तोंडी ही हाक यावी, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

हे दोन्ही पक्ष खोटे बोलत नाहीत. परंतु दोघांच्याही बोलण्यात ज्याने हा फरक आखला तो तिसरा कोठेच येत नाही. कायम कामगाराला वाटते कंत्राटी आपली जागा खातो. कंत्राटी कामगाराला वाटते कायमवाला आपला पगार खातो. निविदा ज्या खोलीत उघडली जाते त्या खोलीत या दोघांपैकी कोणीच नसतो.

निविदेचे गणित

ती निविदा कशी असते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण भांडणाचे मूळ तेथे आहे. समजा, एका माणसाचे किमान वेतन १०० रुपये धरले. त्यावर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा व इतर आकार मिळून १३ रुपये, कामगार विम्याचे म्हणजे ई.एस.आय.चे सव्वातीन रुपये, आणि किमान बोनस ८ रुपये ३३ पैसे. एकूण झाले सुमारे १२४ रुपये ५८ पैसे. यात भरपगारी रजा नाही, गणवेश नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि ठेकेदाराचा नफाही नाही. आता सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची असा नियम असल्यामुळे एखाद्या ठेकेदाराने ११५ चा दर भरला आणि काम त्याला मिळाले, तर वरचे जवळजवळ १० रुपये आणि त्याचा नफा कोठून येणार? फंडात भरणा न करणे, हजेरीपटावर २६ दिवस काम झाले असता २० दाखवणे, पगार बँकेत जमा करून एटीएम कार्ड मुकादमाकडे ठेवणे किंवा पगाराच्या दिवशी ठरावीक रक्कम रोख परत घेणे, हे सर्व मार्ग आपल्या वस्त्यांतील मुलांना चांगले परिचित आहेत. दर मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला हे गणित येत नसते असे नव्हे.

यालाच जोडून दुसरी गोष्ट आहे, ती 'ब्रेक'ची. वर्षात २४० दिवस काम भरले की कामगार कायद्याच्या दृष्टीने सलग सेवेत धरला जातो व काढताना भरपाई, नोटीस असे काही हक्क निर्माण होतात. २४० दिवस भरले की कायम झालो, असा समज आपल्याकडे पसरलेला आहे. तो बरोबर नाही. तथापि ते हक्कही द्यावे लागू नयेत म्हणून मध्येच काही दिवस घरी बसवतात किंवा ठेकेदाराचे नाव बदलतात. मनुष्य तोच, झाडू तोच, रस्ता तोच, ओळखपत्राचा रंग मात्र तीन वर्षांत तीनदा बदललेला. नवीन ठेकेदार आला की 'या वेळी कोणाला ठेवायचे' हे मुकादम ठरवतो, आणि त्या आठवड्यात मुकादमाच्या मागेपुढे कशी गर्दी असते ते ज्याने पाहिले त्याला कंत्राटी कामगार संघटनेपासून दूर का राहतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही रीत नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत 'बदली' कामगार असत. सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे, कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर परत फिरायचे. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी, आणि त्याच्या मर्जीला किंमत असे. पुढे १९३५ साली बदली कामगारांना कार्ड देऊन नोंदण्याची पद्धत गिरणीमालकांनी सुरू केली, तरी मूळ गोष्ट राहिलीच : कायमवाल्याचे आजारपण ही बदलीवाल्याची भाकरी. अशा माणसांमध्ये सख्य होणे सोपे नव्हते.

त्याच गिरण्यांत कामगारांमध्ये आणखी एक भिंत होती आणि ती आपल्या वाडवडिलांनी सोसलेली आहे. विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे, पण अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले की, गँगमन म्हणून लागलेला आपला मनुष्य गँगमनच राहतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते. त्याच भाषणात ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी सांगितले. या गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. कामगार म्हटले की सगळे आपोआप एक, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. एका कामगाराच्या सोयीसाठी दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले असेल, तर ते आधी उघडपणे बोलावे लागते, असा त्यांचा बाणा होता. तरीही त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष इतर कामगार पुढाऱ्यांबरोबर उभा होता.

कायद्याची वाटचाल

कायम कामगारांनी कंत्राटी कामगारांची बाजू घेतल्याचे एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावे असे आहे. मुंबईत स्टँडर्ड व्हॅक्युम रिफायनिंग कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात साफसफाईचे काम ठेकेदाराकडे होते. ठेकेदाराच्या माणसांना ना नोकरीची हमी, ना सवलती. त्यांच्यासाठी तंटा उभा केला तो कंपनीच्या कायम कामगारांनी. कंपनीने हरकत घेतली की, ही तुमची माणसे नाहीत, तुमचा यात संबंध काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली निकाल दिला की संबंध आहे, दोघांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे. काम बारमाही आहे का, कारखान्याला आवश्यक आहे का, पूर्ण वेळेची पुरेशी माणसे त्यात लागतात का, आणि इतर ठिकाणी ते कायम माणसांकडून करून घेतात का, असे प्रश्न न्यायालयाने विचारले आणि ठेका पद्धत बंद करण्याचा हुकूम कायम ठेवला. साफसफाईचे काम, म्हणजे ज्या कामाकडे कोणी ढुंकून पाहत नाही तेच काम, या निकालाच्या केंद्रस्थानी होते. दहा वर्षांनी कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा, १९७० आला तेव्हा हेच चार प्रश्न त्याच्या दहाव्या कलमात बसवले गेले.

हा कायदा २० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. ठेकेदाराने पगार थकवला तर मुख्य मालकाने तो द्यावा, पाणी, उपाहारगृह, विश्रांतीची खोली यांची सोय न झाल्यास मुख्य मालकाने करावी, अशी त्यात तरतूद होती. त्याखालील नियमांत तर, कायम कामगारासारखेच काम असेल तर वेतन व रजाही तशाच असाव्यात, असे म्हटले होते. नियम पुस्तकात होता. तो अंमलात आणून घेण्यासाठी अर्ज करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या यादीतून नाहीसे होई, ही त्यातील खरी अडचण.

९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींत झाडलोट, साफसफाई व पहारा या कामांसाठी कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई झाली. परंतु मनाई झाली म्हणजे काम करणाऱ्या माणसाचे काय होते? १९९६ साली एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, ठेका बंद झाला की ती माणसे आपोआप मुख्य मालकाची झाली. हा आनंद पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही पुढील काळापुरती रद्द ठरवली. ठेका नुसता देखावा आहे, प्रत्यक्षात हुकूम मुख्य मालकाचाच चालतो, हे सिद्ध झाले तर कामगार मुख्य मालकाचा. नाहीतर फार तर नव्या भरतीत वयाची सवलत व अग्रक्रम, असे या निकालाचे सार आहे. त्यामुळे आज सर्व भिस्त 'देखावा' सिद्ध करण्यावर आहे. हजेरी कोण घेतो, काम कोण सांगतो, रजा कोण देतो, शिक्षा कोण करतो, याचे पुरावे लागतात.

कार्यालयाने थेट नेमलेल्या हंगामी व कंत्राटी लोकांबाबत दोन निकाल सतत ऐकू येतात. २००६ च्या उमादेवी निकालाने रीतसर भरतीशिवाय आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही असे ठरवले, कारण खुल्या स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या इतरांच्या समान संधीचा त्यात भंग होतो. २०१६ च्या जगजित सिंग निकालाने सरकारकडील हंगामी नोकरांना समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू केले. ठेकेदारामार्फत आलेल्याला हा दुसरा निकाल आपोआप लागू पडत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७० च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. कंत्राटी कामगारांची मर्यादा २० वरून ५० वर गेली. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत असे तत्त्व संहितेत आहे, अपवादांसह. मात्र झाडलोट, साफसफाई, कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे ही कामे, आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर, मुख्य कामातून वगळलेली आहेत. १९६० साली ज्या कामापासून हा सारा विचार सुरू झाला, नेमके तेच काम आता या संरक्षणाच्या कुंपणाबाहेर पडले आहे. या कामांत कोणत्या समाजाची माणसे सर्वांत अधिक आहेत, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आपल्या समाजाचे काय पणाला आहे

येथे आम्ही एका गोष्टीवर जरा थांबतो. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने राखीव जागांचा मार्ग दिला तो शासनाच्या सेवेतील पदांसाठी. कार्यालयात बिंदुनामावली असते. कोणते पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे तीवर ठरते व अनुशेष किती हेही तीवरून विचारता येते. काम ठेकेदाराकडे गेले की पद राहत नाही, पद नाही म्हणून बिंदू नाही, आणि अनुशेष कोणत्या आकड्यावर मोजायचा हा प्रश्नच संपतो. बौद्धांना केंद्राच्या सेवेत अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने, मोठ्या प्रतीक्षेनंतर. त्यानंतरच्या वर्षापासूनच नव्या आर्थिक धोरणाचे वारे सुरू झाले आणि पदे गोठवणे, काम बाहेर देणे हे शब्द परिपत्रकांत येऊ लागले. दार उघडले तेव्हा आतली खोली लहान होत चालली होती.

महाराष्ट्रात ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत अतिकुशल, कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा चारही वर्गांतील मनुष्यबळ बाहेरून घेण्याची सोय केली होती. विद्यार्थ्यांनी राज्यभर विरोध केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या निमित्ताने जे विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यांना प्रथमच कळले की हा प्रश्न केवळ झाडूवाल्या मावशींचा नाही. अभियंत्याचे व लिपिकाचे पदही ठेक्यावर जाऊ शकते.

आपल्याच घरातील एक अवघड विषय टाळता येणार नाही. सफाई कामगारांच्या वारसास नोकरी देण्याची जी सोय लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे मिळाली, तिने असंख्य कुटुंबे सावरली. ती टिकलीच पाहिजे. पण वारसा कायम कामगाराचा चालतो. पंधरा वर्षे ठेकेदाराकडे तेच काम केलेल्याच्या पोराला तिचा काही उपयोग नाही. परिणामी एकाच चाळीत, एकाच जातीच्या, एकाच कामाच्या दोन कुटुंबांपैकी एकाचा मुलगा बापाच्या जागी लागतो आणि दुसऱ्याचा मुलगा बापाप्रमाणेच मुकादमाच्या दारात उभा राहतो. आम्ही असे ऐकले आहे की एका कार्यालयात कंत्राटी कामगारांना सामावून घेण्याचा विषय निघाला तेव्हा, 'आमच्या वारसांच्या जागा जातील' म्हणून कायम कामगारांनीच कुरकुर केली. भीती समजण्यासारखी आहे. तथापि जागा कोणामुळे जातात हे तपासले पाहिजे. निवृत्त झालेल्यांच्या जागा न भरता ते काम ठेक्यावर दिले जाते, तेव्हा वारसाची जागाही त्याच फायलीत बंद होते. कंत्राटी कामगार कायम झाले तर मंजूर पदांची संख्या निदान जिवंत राहते.

अशी कुरकुर पुढे कोठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण भिलाई पोलाद कारखान्याच्या दल्ली राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींतले आहे. १९७७ साली तेथील मान्यताप्राप्त संघटनांनी बोनसचा करार केला. कायम कामगारांना मोठी रक्कम आणि कंत्राटी खाणमजुरांना तिचा लहानसा हिस्सा. हजारो कंत्राटी मजूर त्या संघटनांतून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांना बरोबर घेऊन छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा केला. जूनमध्ये गोळीबार झाला, ११ जणांचे प्राण गेले. स्वतः नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी खून झाला. कायम कामगारांच्या संघटनेने कंत्राटी माणसाला दारात उभे केले नाही तर तो आपले दार वेगळे बांधतो, आणि त्याची किंमत फार मोठी असते.

मुंबईतही कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना स्वतःची संघटना बांधावी लागली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने महानगरपालिकेविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला व एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. निकाल लागला त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील. पण पुढे अनेकांची प्रकरणे अडली ती नावांवरून. यादीत एक नाव, आधार कार्डावर दुसरे, कोठे वडिलांचे नाव चुकलेले, कोठे इंग्रजीतले एक अक्षर इकडचे तिकडे. ठेकेदाराच्या मुकादमाने ऐकू येईल तसे लिहिलेले नाव खटल्याच्या यादीत गेले आणि जिंकलेला मनुष्य पुन्हा रांगेत उभा राहिला.

म्हणून आपल्यापैकी जे आज ठेकेदाराकडे काम करतात, विशेषतः शिक्षण चालू ठेवून काम करणारे विद्यार्थी, त्यांना काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. पहिल्याच दिवशी नियुक्तीपत्र मागावे. नव्या संहितेप्रमाणे ते देणे मालकावर बंधनकारक आहे आणि ठेकेदार त्यातून सुटत नाही. काम सोडताना वा ठेका बदलताना अनुभवाचा दाखला मागावा. तो मागणी केल्यास देण्याचे बंधनही ठेकेदारावर आहे. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक एकच ठेवावा, प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे नवा काढू देऊ नये आणि दर दोन-तीन महिन्यांनी भरणा होतो की नाही ते स्वतः पाहावे. बँकेचे कार्ड कोणाकडेही ठेवण्यास देऊ नये. हजेरी चौकीवर रोज सही केलेल्या पानाचे, साहेबाने तोंडी कामाऐवजी चिठ्ठीवर दिलेल्या कामाचे, जुन्या सर्व ओळखपत्रांचे छायाचित्र काढून जपावे. ओळखपत्राचे रंग बदलत गेले तरी रस्ता तोच होता, हे दाखवणारा तोच पुरावा असतो.

कायम नोकरीत असलेल्या सभासदांकडूनही आमची अपेक्षा आहे. संघटनेच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांचे निदान एक कलम असावे : थकलेला पगार मुख्य मालकाने द्यावा, गमबूट व हातमोजे सर्वांना एकाच दिवशी मिळावेत, विश्रांतीची खोली एकच असावी. कायम होण्याची मागणी मोठी आहे, तिला वेळ लागेल. कपाट आणि पाण्याचा माठ यांना वेळ लागण्याचे कारण नाही. काही ठिकाणी हे घडलेही आहे. २०११ च्या ऑक्टोबरात हरियाणातील मानेसर येथे मारुतीच्या कारखान्यात कायम कामगार संपावर बसले, त्यात बाहेर काढलेल्या कंत्राटी कामगारांना परत घ्या ही प्रमुख मागणी होती. ती मागणी लावून धरणारी मुले विशी-पंचविशीतली होती.

राहिला प्रश्न नावांचा. ठेका बदलण्याचा काळ जवळ आला की ज्यांच्या ज्यांच्या घरी कंत्राटी कामगार आहेत, त्यांनी शाळेचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, फंडाची नोंद आणि ठेकेदाराचे हजेरीपत्रक ही पाच कागदे एका ठिकाणी मांडून नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख अक्षरानुसार जुळवून पाहावी. आपल्यापैकी जे निवृत्त लिपिक आहेत, ज्यांनी आयुष्यभर सेवापुस्तकेच लिहिली, त्यांनी रविवारी दोन तास यासाठी द्यावेत. दुरुस्तीचे अर्ज ठेका चालू असतानाच करावेत. ठेकेदार निघून गेला की त्याची सही मिळत नाही.